टेपवर राहिलेला परवाना

ते प्रकरण आठवलं की आजही मस्तकात तिडीक जाते. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी रोह्याला पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या एका रासायनिक कारखान्यात टाकी साफ करताना निडी गावचा एक कामगार गुदमरून मेला. टाकीत उतरण्याआधी आतला वायू मोजायचा आणि संगणकावर परवाना काढायचा, असा नियम. व्यवस्थापकाचा जबाब होता, "परवाना न घेताच उतरला." नोंदी मागितल्या तर म्हणाला, "सर्व्हर जळाला. नवा बसवलाय. जुनं सगळं गेलं."

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. अहवालात 'मयताचा हलगर्जीपणा' असं लिहिलं. खाली सही माझी.

त्याची बायको पोलीस ठाण्यात आली. "साहेब, तो इचारल्याबिगर बटनाला हात नाय लावायचा. टाकीत कसा उतरंल?" मी चार सांत्वनाचे शब्द बोललो आणि तिला वाटेला लावलं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी ठाणे अंमलदाराला फोन आला. बाईचा आवाज. "कंपनीच्या पेणच्या ऑफिसात जुन्या डिस्क हायत. त्यांच्यात सगळं हाय. आज पुसणार हायत." फोन बंद.

दोन पंच घेऊन तडक पेण गाठलं. पोचलो तेव्हा डिस्क कोऱ्या होत्या. व्यवस्थापक तिथेच बसला होता. हसून म्हणाला, "साहेब, जुना कचरा. नुसती जागा अडवत होता."

संगणक सांभाळणाऱ्या माणसाला मी बाजूच्या खोलीत घेतलं. चाळिशीचा, पेणचाच.

"डिस्कवर काय होतं?"

"जुन्या सर्व्हरचे बॅकअप. सर्व्हर बदलला, पण हे मागे राहिले. नवी सिस्टीम त्यांना ओळखत नाय, त्यामुळे ते आपोआप जात नाहीत. हातानेच काढावे लागतात."

"मग काढलेस?"

"आमच्या साहेबांनी सांगितलं, सरळ उडव."

"आणि तू उडवलेस?"

त्याने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "आमची पद्धत असते, साहेब. आधी टेपवर चढवायचं, नीट उतरलंय का ते तपासायचं, मगच डिस्क मोकळी करायची. मी ते महिन्याभरापूर्वीच केलं होतं. त्यांना सांगितलं नाय."

कपाटातून त्याने तळहाताएवढी काळी टेप काढली. पंचांसमक्ष मोहोरबंद करून ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवली.

अहवाल आला. परवाना होता. वायूचं माप धोक्याच्या पातळीच्या वर. शेऱ्याच्या रकान्यात कामगाराने लिहिलं होतं, 'मीटर लाल दाखवतोय. उतरू का?' खाली व्यवस्थापकाच्या पासवर्डने दिलेलं उत्तर: 'वेळ नाही. काम उरका.'

मी ते तीनदा वाचलं. मग स्वतः जाऊन व्यवस्थापकाला अटक केली. गाडीत तो म्हणाला, "प्रॉडक्शनचं प्रेशर असतं, साहेब." माझा हात उठला होता; हवालदाराने धरला म्हणून बरं. सदोष मनुष्यवधाचं दोषारोपपत्र गेलं, पुढे शिक्षाही झाली.

फोन त्या संगणकवाल्याच्या बायकोने केला होता. जबाब देताना तिनेच सांगितलं, "टेप तपासताना ह्यांनी तो परवाना वाचला. तवापासनं हे जेवत नव्हते, बोलत नव्हते. मीच इचारून काढलं."

सुधारित अहवाल घेऊन मी मयताच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, "माझ्या सासऱ्याला वाचून दाखवा. पोरगा आपल्या चुकीनं मेला म्हणून ते इतके महिने गावात मान खाली घालून फिरतायत." मी ओटीवर बसून सगळं वाचलं. म्हाताऱ्याने विचारलं, "टेप ठेवनाऱ्याला ह्ये ठाव होतं?"

"हो."

"आन् तुमी इचारलं नव्हतं?"

"नाही."

तो उठून आत गेला.

संगणकवाल्याचा मला राग आला, तसाच स्वतःचाही. त्याने पुरावा जपला, पण तोंड उघडलं नाही. मी तर तो शोधलाच नाही. 'नोंदी गेल्या' असं कोणी म्हटलं की कोणी घालवल्या, कोणाच्या सांगण्यावरून, हे तिथल्या तिथे विचारायचं असतं. एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही आणि एका मेलेल्या माणसाला इतके महिने गुन्हेगार ठरवलं.