जयसिंगरावांच्या पाटीवरचा गुन्हेगार

बेंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या भागात, दिवसभर लेथ मशिनी खडखडतात त्या गल्लीत, जयसिंगराव घाटग्यांचं गॅरेज आहे. माणूस निपाणीकडचा, पण इथे सत्तावीस वर्षं काढलेली. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि संतापले की दोन्ही एकदम. गाडीच्या वायरिंगमधलं आपल्याला कळत नाही असं काही नाही, असं ते स्वतःच सांगायचे. खरं सांगायचं तर ते खोटंही नव्हतं.

गॅरेजच्या दारात एक काळी पाटी. वर पांढऱ्या रंगानं कन्नडमध्ये कायमचं लिहिलेलं, 'आजचा गुन्हेगार'. बिघाड सापडला की तो ज्याच्यामुळे झाला त्याचं नाव खाली खडूनं, कन्नडमध्येच, चढायचं. बहुतेक दिवस 'उंदीर' असायचा, कधीतरी 'मालकाचा मेहुणा'. एकदा तर स्कूटरची किल्ली रात्रभर चालू ठेवली म्हणून सख्ख्या बायकोचं, शिवलीलाबाईंचं नाव लागलं. बाईंनी दोन दिवस डब्यात नुसता कोरडा भात धाडला. यांनी तो गिळला, पण नाव पुसलं नाही.

रस्त्यापलीकडे नागराजचं दुकान. सीटकव्हर, म्युझिक सिस्टिम, गाडीच्या मागचे कॅमेरे. एकोणीस वर्षं रोज चार वाजता हे दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून 'बाय-टू' मागवायचे, म्हणजे एकच कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. भांडणं चिक्कार झाली, पण चारची कॉफी कधी चुकली नव्हती.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी सुचेता आली. पुण्याची पोरगी, नोकरी इंदिरानगरला. अख्खं शहर तुडवत ती पीण्याला यायची, कारण इथे गाडीची तक्रार मराठीत करता येते.

"काका, यू-टर्न घेताना स्टीअरिंग एकदम दगड होतं! काल सिग्नलला मी अक्षरशः लोंबकळले त्याला. समोरून बस! शोरूमवाले म्हणतात अख्खं स्टीअरिंग बदला."

"अख्खी गाडी बदला म्हणाले नाहीत ते नशीब समजा की वो," म्हणत जयसिंगरावांनी स्कॅनर जोडला.

गाडीतले कॉम्प्युटर दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलत असतात. स्कॅनरनं त्यांची हजेरी घेतली. इंजिन हजर, ब्रेक हजर, एअरबॅग हजर. स्टीअरिंगच्या नावापुढे मात्र नोंद होती, 'संपर्क तुटला'.

"मध्ये कुणी हात घातला होता गाडीत?"

"समोरच्या काकांनी मागचा कॅमेरा बसवला ना, दिवाळीनंतर. त्यानंतरच सुरू झालं हे."

झालं! जयसिंगरावांनी खडू उचलला आणि पाटीवर ठसठशीत लिहिलं, 'नागराज'.

नागराज रस्ता ओलांडून आला. पाटी वाचली. "अण्णा, कॅमेऱ्याची वायर मी मागच्या दिव्यावरून घेतलीय. त्या दोन वायरींना शिवलो पण नाही. तुम्ही तपासलं काय?"

"त्यात तपासायचं काय? सगळे असंच म्हणतात. उंदीर तेवढा गप्प असतो."

"माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक आधी ही पाटी वाचतंय, अण्णा," एवढंच बोलून तो परत गेला. चार वाजता बाय-टू आली, तेव्हा त्यानं आपला अर्धा पेला परत पाठवला. जयसिंगरावांनी हट्टानं दोन्ही पेले रिचवले. कॉफी घशाखाली उतरली, पण गोड काही लागली नाही.

मग ते पुराव्याच्या मागे लागले. मागचा दिवा उघडला. कॅमेऱ्याची जोडणी इतकी नीटस, की बघून संताप यावा. बोलणाऱ्या दोन्ही वायरी धडधाकट. स्कॅनर पुन्हा लावला, तर गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंगसुद्धा गुपचूप हजर!

"मग वळतानाच का मुकं होतंय हे?" ते स्वतःशीच पुटपुटले. वळताना स्टीअरिंगची मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. त्या क्षणी कॉम्प्युटरला पुरेशी वीज मिळाली नाही, तर तो बोलणार कुठून? म्हणजे बोलण्याच्या वायरी ठीक, खोट विजेच्या वाटेत. त्यांनी सुचेताला चाक फिरवायला लावलं आणि स्टीअरिंगच्या अर्थिंगच्या वायरीवर मीटर धरला. जवळजवळ शून्य दिसायला हवं, तिथे चार व्होल्ट! वायर धरून ते बॅटरीखालच्या बोल्टपर्यंत पोहोचले आणि तिथेच थिजले.

बोल्टावर हिरवट गंज, गंजावर पिवळा थर आणि त्यात चिकटलेल्या शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या.

"अय्या, हळद?" सुचेता वाकून म्हणाली. "इंजिनात स्वयंपाक कुणी केला?"

जयसिंगरावांना सगळं लख्ख आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, गिऱ्हाइकांच्या गाड्या गॅरेजात ओळीनं लागल्या होत्या. सगळ्यांना बाहेरून हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पण सुचेता पुण्याला गेलेली, तिची गाडी इथेच. एकटी पोर रोज एवढ्या ट्रॅफिकमधून जाते, म्हणून यांनी मायेनं बॉनेट उघडलं, आत फुलं खोचली आणि हळद कालवलेलं नारळाचं पाणी बॅटरीवर चांगलं गडूभर ओतलं. ते पाणी झिरपून बोल्टाशी बसलं आणि तीन महिने तिथली जोडणी खात राहिलं.

आता सांगा, सुचेताला कन्नड वाचता येत नव्हतं. नागराज दुकानात पाठमोरा बसलेला. 'उंदीर' लिहिलं असतं, तर कोण विचारणार होतं? जयसिंगरावांनी खरंच एकदा कोपऱ्यात उंदीर आहे का ते पाहिलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बोल्ट घासून लख्ख केला, आवळला. चाक एका बोटानं फिरलं. मग त्यांनी पाटी पुसली, लिहिलं आणि रस्ता ओलांडून नागराजसमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलं माझं. तपासायच्या आधी तुझं नाव लिहिलं. फार वाईट वाटतंय बाबा."

नागराज उठला, पाटीपाशी आला. वाचलं, 'जयसिंगराव घाटगे, स्वतः मालक'. पाकळ्या बघितल्या, हळद बघितली. मग खडू मागून घेतला आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

"काय लिहिलं, काका?" सुचेतानं विचारलं.

जयसिंगरावांनी डोळे पुसत वाचून दाखवलं, "जामीन मंजूर. अट एकच, पुढच्या आयुधपूजेला नारळ नागराज फोडणार."

त्या दिवशी दोघांची चारची कॉफी साडेपाचला झाली.