वजनवाल्या बायका

चार बायका रोज एका जागी जमल्या की किस्से आपोआप साठत जातात. आणि त्या बायका सकाळी सकाळी लोखंड उचलत असतील तर विचारूच नका! परवा त्यातला एकेक आठवून मी एकटीच हसत होते, तर सूनबाई आतून धावत आली. "आई, तबियत ठीक आहे ना?"

देश स्वतंत्र झाला, संस्थान जाऊन मध्यभारत आलं, तेव्हाची गोष्ट. माधवनगरात मुलींच्या एका शाळेमागे पत्र्याची शेड होती. शाळेच्या व्यायामशिक्षिका इंदुताई तिथे आम्हा सात-आठ जणींचा क्लास घ्यायच्या. लेझीम काय, सगळीकडेच होतं. इंदुताईंनी लोहाराकडून एक जाड दांडा आणि त्यात अडकवायच्या लोखंडी चकत्या करून आणल्या. "पुरुषांनी वजन उचललं की दंड भरतात. आपण उचललं तर काय होतं, ते बघायचंय मला," एवढंच त्यांचं म्हणणं.

शिकवायला पुस्तक कुठलं? एक वही आणि शिंप्याची टेप. दर रविवारी दंड आणि कंबर मोजायची, मग दंडामागची कातडी चिमटीत धरून चरबी किती ते ठरवायचं. त्याचे प्रकार तीन. भाकरी, पोळी आणि पापड! माझ्या नावापुढे वर्षभर 'पोळी' लिहिलेलं होतं.

* * *

मनोरमा होती भाकरी. माझी शाळेपासूनची मैत्रीण. बारीक व्हायचं म्हणून आलेली. तीन महिने एक दिवस चुकवला नाही. मग आम्ही सगळ्या स्टेशनवर गेलो आणि तिला मालाच्या काट्यावर उभं केलं. वजन तेवढंच! शेरभरही उतरलं नव्हतं.

मनोरमा तिथेच रडायला लागली. मालबाबू बिचारा घाबरला. "बाईजी, काँटा एकदम सही है, कसम से!"

इंदुताई मात्र तिच्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "मनू, वजन उतरलं नाही ना?"

"नाही ना ताई!"

"मग मघापासून एका हाताने परकर का धरून ठेवलायस?"

* * *

वजन तेवढंच आणि परकर मात्र सैल, हे कसं काय, याचा विचार इंदुताई कित्येक दिवस करत होत्या. एकदा त्यांनी वाटीभर पाण्यात तुपाचा गोळा टाकला. तो तरंगला. "म्हणजे चरबी हलकी. जागा फार खाते, वजन कमी भरते. चरबी गेली आणि मांस आलं, तर काटा हलणार कसा?" आम्ही माना डोलावल्या. पटलं होतं की नाही, देव जाणे.

पुढच्या पर्वणीला आम्ही रामघाटावर गेलो. मनोरमा लहानपणापासून पाण्यावर पडून राहण्यात पटाईत. हातपाय न हलवता क्षिप्रेत उताणी पडायची, जशी काही पलंगावर! त्या दिवशी तशीच ऐटीत पडली आणि सरळ खाली गेली. पाणी कंबरेएवढंच, पण घाटावरचे पंडे ओरडले, "अरे डूबी, डूबी!"

ती नाकातोंडातलं पाणी थुंकत उभी राहिली. इंदुताई पायऱ्यांवरून टाळ्या वाजवत होत्या.

"बुडालीस? शाब्बास!"

* * *

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. थंडीत डिंकाचे लाडू, बाजरी, तीळ, भरपूर खाणं. तेव्हा आम्ही जड चकत्या उचलायचो. दंड भरायचे, पण पोळीची भाकरीही व्हायची. उन्हाळ्यात अन्न जात नसे, वजन हलकं, फेऱ्या जास्त. चरबी झडायची आणि खालून दंड दिसायला लागायचा. इंदुताईंनी मग हे मुद्दामच करायचं ठरवलं. चार महिने कमवायचं, चार महिने तासायचं.

सगळ्यात आधी कंटाळला तो फ्रीगंजातला शिंपी. तिसऱ्यांदा ब्लाउज उसवून मागितलं, तेव्हा मास्टरजींनी चष्मा काढून ठेवला.

"बहनजी, आप लोग पहले बता दिया करो. ठंड का नाप दूँ, या गर्मी का?"

* * *

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही.

सुशीला आमच्यात सगळ्यात लहान, अठराची. पापड व्हायची तिला भारी हौस. उन्हाळ्यात ती झाली पापड, आणि तिथे थांबलीच नाही. गालफडं बसली, तरी दांडा सोडेना. एके सकाळी तिची आई, गोदूमावशी, शेडच्या दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक. इंदुताईंना बाजूला नेऊन म्हणाली, "तीन महिने झाले, पोरगी बाहेर बसली नाही. मी कुणाला तोंड दाखवू?"

आम्हाला ऐकू गेलं आणि हातातल्या चकत्या हातातच राहिल्या. सुशीला भिंतीला टेकून रडत होती. "आई, तू माझ्यावर भरोसा नाही ठेवत?"

इंदुताईंनी वही मिटली. टांगा बोलावला, दोघींना घेऊन लेडी डॉक्टरकडे गेल्या. मीही सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे विचारलं, "उपास करते का?"

गोदूमावशी अभिमानाने सांगायला लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, प्रदोष...

"मग ही जेवते कधी?"

मावशी बोटांवर वार मोजायला लागली.

"मुलीत काही खोट नाही. अंगात चरबीच उरली नाही, तर शरीर ते काम बंद ठेवतं. तूप घाला, दूध घाला. आणि वजनं सध्या बंद."

परतताना इंदुताईंनी वहीतलं 'पापड' खोडलं. म्हणाल्या, "चूक माझी. किती उतरायचं ते लिहिलं, कुठे थांबायचं ते लिहिलंच नाही."

दिवाळीच्या आसपास गोदूमावशी पुन्हा दारात! या खेपेस हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या गं पोरींनो, तोंड गोड करा! सुशी आज बाहेर बसलीय!"

* * *

आता शेवटचा सांगते.

मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, आणि जुन्या फायली ठेवायला जागा हव्या होत्या. एक साहेब आमची शेड बघायला आले. आईला महाकालाचं दर्शन घडवायचं म्हणून तिलाही बरोबर आणलं होतं. साठीच्या पुढची, वाळलेली, नऊवारीतली म्हातारी. ती बाहेर टांग्यात बसलेली.

साहेबांनी शेडभर नजर फिरवली. "वजन उचलणं बायकांच्या शरीराला मानवत नाही, बाई. निसर्गाच्या विरुद्ध आहे. इथे फायली राहतील."

इंदुताई वही पुढे करून दंडाची मापं दाखवत होत्या. साहेब बघत नव्हते. आठ वर्षांची शेड चालली, हे आम्हाला दिसत होतं.

इतक्यात म्हातारी उन्हाने कंटाळून पाणी मागायला आली. दारातच आमचा सगळ्यात जड दांडा आडवा पडलेला. दीड मणाचा. तो एकट्या इंदुताई कंबरेपर्यंत आणायच्या. बाकी आम्ही दोघी दोघी मिळून.

म्हातारीने पदर खोचला, खाली बसली, दांडा धरला आणि उभी राहिली. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

"हे वाटेत पडलंय. कुठे ठेवू?"

मनोरमाने नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. म्हातारी तिथवर गेली आणि दांडा आवाज न करता ठेवला. साहेबांनी टोपी काढली, परत घातली, आणि हातातला कागद घडी करून खिशात टाकला. शेड आमच्याकडेच राहिली.

पण ते नंतरचं. त्या क्षणी इंदुताई टेप घेऊन धावल्या होत्या. "आजी, जरा दंड मोजू द्या!" मोजला. आमच्या सुशीपेक्षा बारीक! चिमटीत धरायला कातडीशिवाय काहीच नाही. इंदुताई टेप हातात धरून बघतच राहिल्या.

म्हातारीने पाणी पिऊन भांडं पालथं घातलं आणि विचारलं, "तुम्ही पोरी इथे करता तरी काय?"

"आजी," इंदुताई म्हणाल्या, "ते तुम्ही आत्ता उचललंत ना, ते मी ह्यांना शिकवते."

म्हातारीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"अगं बाई! हे शिकवावं लागतं?"