परकं पाणी

पाण्यात कोपर बुडवायचं, डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचं, “थांबा. आजून परकं हाय.”

आक्का म्हटलं की मला आधी ते कोपर आठवतं. तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना बाया पाणी असंच बघतात, ते तुम्ही घराघरात पाहिलं असेल. आक्का बघायची ते झिंग्यांच्या पिल्लांसाठी.

अर्धापूरजवळ आसना नदीच्या काठाला तिचं शेत, त्याला लागून माझं. दोघांचीही केळी, मधे एक बांध. मी शाळेतून रिटायर होऊन केळीत पडलेला, ती जन्मभर केळीतच उभी. तिच्या विहिरीपाशी सिमेंटचा एक मोठा हौद होता. एका वर्षी तिनं तो घासूनपुसून काढला, वर हिरवी जाळी ताणली आणि झिंगे वाढवायला घेतले. विकायला नाही, बरं का. नदीत सोडायला. आता तुम्ही हसाल. गावही हसलंच. गावाला तेवढंच काम आहे.

झिंग्यांचं असं असतं. मादी नदीनं खाली खाली जाते आणि समुद्राजवळच्या खारट पाण्यात पिल्लं देते. ती नखाएवढी पिल्लं मग प्रवाहाच्या उलट चढत गोड्या पाण्यात येतात. आमच्याकडं जागोजागी बंधारे झाले आणि त्यांची वाट बंद झाली. नदीतले झिंगे संपले, आणि संपले हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आक्काच्या आलं. आंध्राच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात पिल्लं काढणारी हॅचरी आहे, हे तिनं कुठूनसं शोधून काढलं. तिथून थर्माकोलच्या पेटीत, हवा भरलेल्या पिशव्यांतून पिल्लं रेल्वेनं मुदखेडला यायची. ही बाई ती पेटी मांडीवर घेऊन ऑटोनं घरी. वाटेत ड्रायव्हरनं खड्ड्यात गाडी घातली की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

“जन्म खाऱ्या पाण्यात, संसार गोड्या पाण्यात,” ती म्हणायची. “बाईमाणसावानीच हाय की त्यांचं. मग सासरी उतरताना जरा जपून उतरवावं का न्हाई?”

हे शहाणपण तिला फुकट आलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिनं हौसेनं पेटी उघडली आणि पिशव्या सरळ हौदात उपड्या केल्या. पिशवीतलं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं. संध्याकाळपर्यंत सगळी पिल्लं पांढरी पडून तळाला बसली. आक्का हौदाच्या कठड्यावर बसून रडली. मी समजूत घालायला गेलो, तर पदरानं नाक पुसून म्हणाली, “मास्तर, माझ्या हातानं गेली. आता माझ्याच हातानं जगतील.” पुढच्या वर्षी पुन्हा पेटी आली. तेव्हापासून बंद पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग तोंड सोडून तांब्या तांब्यानं हौदाचं पाणी आत घालायचं आणि मधूनमधून कोपर. कितीही वेळ लागो.

हौदात ती केळीची वाळकी पानं बांधून सोडायची. पिल्लू कात टाकतं तेव्हा मऊ पडतं, आणि मऊ पडलं की भाऊच भावाला खातो. लपायला जागा हवी. उकडलेलं अंडं फडक्यातून गाळून ती त्यांना भरवायची. लेकानं एकदा नाश्त्याला अंडी मागितली तर म्हणाली, “तुला दात हायत. तू भाकर खा.”

गावातल्या पारावर तिला हटकून छेडायचे. “आक्का, तुम्ही सोडून राहिल्या अन् खालच्या गावचे खाऊन राहिले. आपल्याला काय फायदा?”

“खाऊ द्या की. नदीत हाय म्हणून खाऊन राहिले ना? का तुमच्या घरून नेऊन राहिले?”

मीही एकदा म्हणालो, “आक्का, ही अंडी घालायला खाली जातील. त्यांची पिल्लं कधी वर यायची नाहीत. बंधारा आहे. दर वर्षी नव्यानं सोडत बसाल. पालथ्या घड्यावर पाणी.”

“बंधारा बांधणाऱ्यानं मला इचारलं होतं का?”

“नाही.”

“मग मी त्याला कामून इचारू?”

चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा मी, गपगुमान घरी आलो.

एकदा एका पुढाऱ्याला या कामाचा पत्ता लागला. झिंगे सोडायचा कार्यक्रम ठरला. मंडप, हार, फोटोवाला. साहेब आले ते भर दुपारी. पिल्लांच्या पिशव्या नदीत तरंगत ठेवलेल्या, आक्का साडी खोचून गुडघाभर पाण्यात.

“चला आक्का, सोडून टाकू,” साहेब म्हणाले.

तिनं कोपर बुडवलं. “थांबा. आजून परकं हाय. ऊन उतरू द्या.”

“मला पुढं अहमदपूरला जायचंय.”

“जावा की. नदी कुटं जात न्हाई.”

सरपंचानं कपाळाला हात लावला. शेवटी फोटोवाल्यानं शक्कल लढवली, साहेबांच्या हातात एक रिकामी पिशवी दिली आणि ती नदीत ओतताना त्यांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. पिल्लं मात्र ऊन उतरल्यावर, मंडपवाला खांब उपटत असताना, आक्काच्याच हातानं सुटली.

हा सगळा हट्ट कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. ती कधी नव्हे ती हळू बोलली. लग्न होऊन आली तेव्हा सासरी कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. नवराही अबोल. एके सकाळी तो नदीवरून आला आणि उपरण्यात बांधून आणलेले मूठभर झिंगे तिच्यापुढं ठेवून नुसता उभा राहिला. “तवा मला वाटलं, ऱ्हाता यील या घरात,” आक्का म्हणाली. लगेच उठली आणि माझी गाय बांध ओलांडून आली म्हणून माझ्याशी भांडली.

मागच्या पावसाळ्यात आक्का गेली. केळीत काम करता करता छातीत दुखलं म्हणून खाली बसली, ती उठलीच नाही. मला फार वाईट वाटलं. बांधापलीकडून कुणी भांडेना, तेव्हा शेतात जावंसंच वाटेना.

हौदातली पिल्लं बोटाएवढी झाली होती. सोडायलाच आली होती. तेरावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी एका शेततळेवाल्याचा टेम्पो तिच्या विहिरीपाशी येऊन उभा राहिला. लेकानं सौदा केला होता. मी बांध ओलांडून गेलो आणि हौदाच्या कठड्यावर बसलो, जिथं ती बसायची तिथं.

“उठा मास्तर,” लेक म्हणाला. “आई गेली आता.”

“आई गेली. पिल्लं आहेत.”

“तुमचा काय संबंध?”

“काही नाही. पण मी उठत नाही.”

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. लेक माझ्याकडं बघत राहिला, हौदाकडं बघत राहिला. जाळीखाली केळीची पानं हलत होती. मग काय वाटलं त्याला कोण जाणे, जाऊन टेम्पोवाल्याशी बोलला. त्याच्या चार शिव्या खाल्ल्या आणि टेम्पो माघारी धाडला.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं पिल्लं पिशव्यांत भरून आसनेवर गेलो. पिशव्या पाण्यावर ठेवल्या, तोंडं सोडली, नदीचं पाणी थोडं थोडं आत घातलं. अंधारून यायला लागलं होतं, मला घाई झाली. मी एक पिशवी उपडी करायला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं. शर्टाची बाही वर सारली, कोपर आधी पिशवीत बुडवलं, मग नदीत. डोळे मिटले.

“थांबा मास्तर,” तो म्हणाला. “आजून परकं हाय.”

आम्ही थांबलो.