बोलू न दिलेलं वाक्य

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणारी बाई मी. मंडळी, म्हणूनच हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही कतारला, दोह्यात बिन महमूद भागात राहतो — मुलगा समीर, सून केतकी, नऊ वर्षांची नात इरा आणि मी. इराच्या सुट्टीत मायलेकी इटलीला जाणार होत्या. तिकडे पाकीटमार फार, म्हणून केतकी पोलिसांना सांगायची वाक्यं मोबाईलवरून पाठ करायची. पोळ्या लाटता लाटता, "मी आन्नो रुबातो ला बोर्सा" — माझी पर्स चोरली.

"जायच्या आधीच चोराला आवतण देतेस होय गं?"

"आजी, now you say it!" इरा खिदळायची.

एकदा केतकी म्हणाली, "आई, पुढचं वाक्य आहे, माझी मुलगी हरवली आहे." ते वाजायच्या आतच मी मोबाईल बंद करायला लावला. "दिवेलागणीला असलं अभद्र नको. वास्तू तथास्तु म्हणते." एवढं मात्र मी पाळते. ते वाक्य राहिलंच.

त्या गेल्यावर एका दुपारी मी एकटीच मेथी निवडत होते. इराच्या खोलीतून बाईचा आवाज आला. रडवेला. "मीआ फील्या ए स्कोम्पार्सा... आ सेई आन्नी..." परत परत तेच. इराचा टॅब चालू राहिला असेल म्हणून उठले, तर टॅब त्यांनी नेलेला. खोलीत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला.

केतकीला फोन लावून ऐकलं तसं म्हणून दाखवलं.

"आई, हे तुम्ही बोलू दिलं नव्हतं तेच! माझी मुलगी हरवली... ती सहा वर्षांची आहे."

"इरा कुठाय?"

"ही काय समोर, पिझ्झा खातेय. आणि आपली नऊची आहे ना! पडा जरा तुम्ही."

मी देवापुढे साखर ठेवली. आपली नाही ना — मग विषय खलास!

दुसऱ्या दिवशी केतकीची पर्स खरंच गेली. रात्री तिचा फोन आला.

"पासपोर्ट गेला का गं?"

"नाही हो आई... पोलीस चौकीत माझ्यापुढे एक बाई होती. तेच म्हणत होती. तुम्ही म्हणून दाखवलंत ना, अगदी तस्संच. तिची मुलगी आज सकाळी हरवली."

आज सकाळी. आणि मी ऐकलं आदल्या दुपारी!

समीर म्हणतो, शेजारचा टीव्ही असेल. शेजारी मल्याळी कुटुंब, ते कशाला इटालियन बघतील? मला काही उलगडा होत नाही. ती पोर सापडली का, तेही कळलं नाही. केतकी म्हणते, "आई, आता कुणाला विचारू?"

'सापडली'ला तिकडे काय म्हणतात, ते मी तिच्याकडून शिकून घेतलंय. दुपारी भाजी निवडायला आता इराच्या खोलीतच बसते. कान देऊन.

अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.