सोबतीला दादा

नगरच्या कॉलेजात भूशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी. दगड फोडायला शिकण्यासाठी कॉलेज कशाला लागतं, असं आमच्या पारनेरकडचे लोक विचारायचे आणि वर हसायचे. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते हसणं चालायचं. लेकीचं शिक्षण थांबलेलं चालणार नव्हतं.

खडक बघायला डोंगरात मुलांबरोबर मुलगी एकटी कशी पाठवायची, हा घरात मोठा घोर होता. दादांनी तो मिटवून टाकला. "मी जातो संगं. औंदा पेरनीच न्हाई झाली, घरी बसून काय माशा मारू?"

दुष्काळानं त्यांना रिकामं केलं होतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरात मुलांच्या मागे धोतर सावरत दादा चालायचे, खांद्यावर माझ्या दगडांची पिशवी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आपल्या बांधाला काय कमी धोंडे हायेत?" अशी कुरकुर करायचे, पण सर बोलू लागले की कान टवकारायचे. मग बाजारात भेटेल त्याला धरून सांगायचे, "आपलं समदं रान म्हंजी थंड झालेला लाव्हारस हाय." ऐकणारा पळ काढायचा.

पास झाल्यावर सरकारी नोकरीची मुलाखत आली. विहिरींसाठी जागा बघत गावोगाव फिरायचं, तंबूत राहायचं. "तुम्हाला कसं जमणार, बाई?" साहेबांनी विचारलं. "वडील येतील सोबत," मी म्हणाले. सगळे हसले, पण नोकरी दिली.

रुजू व्हायच्या आधीच दादांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. एकटी जाते म्हटलं तर मामा कडाडले, "तरनी पोर तंबूत ऱ्हानार व्हय?" आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्या दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

निघायचं ठरलं होतं त्या दिवशी सकाळी दादा खाटेवर बसून एका हातानं फेटा बांधत होते. तो सुटायचा, ते परत गुंडाळायचे. आपल्यापायी लेकीची नोकरी गेली, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

"दादा, नोकरी रद्द झाली. साहेबांना बाई नको," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. वाकड्या झालेल्या तोंडानं त्यांनी साहेबाला एक सणसणीत शिवी हासडली आणि मला जवळ ओढून लहान मुलासारखे रडले.

त्या साहेबाचा काडीचाही दोष नव्हता. पण दादा गेले ते त्याला शिव्या देतच.