टेकरीवरचा नळ

मी चौथीपर्यंत शिकलो, पण घड्याळाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. उज्जैनात सगळी नोकरी पाण्याची चाबी फिरवण्यात गेली. सकाळी सहाला चाबीनं लाइनीचा वॉल उघडायचा, पाऊण तासानं बंद. लाइन एकच, आधी आमच्या गल्लीतून जाणारी, मग वर टेकरीच्या वस्तीला. सगळ्यांना सारखा वेळ. याचा मला फार ताठा.

टेकरीवरची एक बाई भैरवगडला छपाईचं कापड धुवायला जायची. एका सकाळी रिकामा मटका घेऊन वॉलपाशी आली. म्हणाली, "बाबूजी, ऊपर पानी नहीं पहुँचता."

मी मनगट पुढे केलं. "घड़ी देख लो. सबको बराबर."

"घड़ी से क्या करूँ? मटका भरना है. एक दिन हमारे नल पे आके बैठो."

आमच्या घराण्यानं दरबारची चाकरी केलेली. मी कोणाच्या सांगण्यावरून नळाशी बसणार? गेलो नाही. ती मात्र आठ दिवस रोज आली. भांडली नाही, फक्त उभी राहायची. शेवटी तिचं येणं थांबवायला म्हणून कामावरच्या जोडीदाराच्या हाती चाबी दिली आणि वर चढलो.

तिनं मला खाटेवर बसवलं. सहा वाजले. नळातून नुसती हवा. बायका मटके मांडून उभ्या. एकीनं टोमणा मारला, "आज साहब आए हैं, नल शरमा रहा है." सगळ्या हसल्या, मीही हसलो, पण ओशाळून. अर्ध्या तासानं पिवळी धार आली, ती ओतून द्यावी लागली.

त्या वेळी खालून घरघर ऐकू आली. आमच्या गल्लीतल्या मोटरी, थेट लाइनीला लावलेल्या, पाणी खेचणाऱ्या. त्यांत एक खडखडत होती. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. ती माझ्या घरची मोटर.

बाईनंही तो ऐकला असणार. शेवटच्या पाच मिनिटांत तिचा एक मटका जेमतेम भरला. त्यातल्याच पाण्याचा तिनं माझ्यासाठी चहा ठेवला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मेहमान को ऐसे ही लौटाऊँ?"

चहा संपवला आणि सरळ टेकरी उतरलो.

घरी येऊन पहिली माझी मोटर काढली. बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांच्या चालू आहेत, आपलीच का?" मी म्हटलं, "बादल्या मी भरीन." भरल्याही, कंबर धरेपर्यंत. मग गल्लीत सांगून टाकलं, मोटर ऐकू आली की वॉल बंद. शेजारी म्हणाले, "बड़े धर्मात्मा हो गए." कचेरीत तक्रार गेली, साहेबांनी बोलावलं. मी एवढंच म्हणालो, "साहेब, एक सकाळ टेकरीवर चला." ते आले. त्या दिवशी एकही मोटर लागली नव्हती. सव्वासहाला वर स्वच्छ धार लागली, ती साहेबांनी डोळ्यांनी पाहिली. तक्रार तिथेच मिटली.

मला कोणाचे आभार मानायची सवय नाही. तिचे तोंडावर कधी मानले नाहीत, म्हणून इथे मानतो. ती आठ दिवस उभी राहिली नसती तर मी घड्याळाकडे बघतच म्हातारा झालो असतो.

आता निवृत्त आहे. गुडघे दुखतात, तरी कधीमधी सकाळी टेकरी चढतो. ती भरलेले मटके आत नेत असते. मला बघून म्हणते, "बैठो बाबूजी, चाय का पानी अलग रखा है."

मी बसतो. आता नाही म्हणत नाही.