पहिल्या फेरीला अब्बा

माझ्या वडिलांनी जोडलेली गाडी जोवर रस्त्यावर धावते आहे, तोवर त्यांना सुखाची झोप लागत नाही. अमरावतीत वलगाव रोडवर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. लोखंड काय, कोणीही जोडतं. अब्बा अ‍ॅल्युमिनियम जोडतात, आणि ते नीट जोडणारे आमच्या भागात फार नाहीत. कुर्बान मिस्त्री म्हटलं की मोर्शीपासून परतवाड्यापर्यंतचे ड्रायव्हर ओळखतात. पण माणूस असा काळजीखोर, की काम देऊन टाकलं तरी डोक्यातून जात नाही. जेवण अर्धं टाकून फोन लावतात, "हालो, तो आपण पंप जोडला होता, तो कसा हाये?" समोरचा म्हणतो, "चाचा, तो तर मागच्या साली विकला." तरी यांचा जीव भांड्यात पडत नाही. लगेच विचारतात, "कोणाले विकला?"

दुसरी खोड पहिल्या फेरीची. त्यांनी जोडलेली गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की तिच्यात अब्बा बसणार म्हणजे बसणार, मग ती भातकुलीला जावो नाहीतर मेळघाटात. "जोडलं मी, अन् जीव धोक्यात दुसऱ्याचा? हे काई जमत नाई," असं त्यांचं म्हणणं. यात गंमत अशी की घाट लागला की त्यांना ओकाऱ्या सुरू होतात. अम्मी पिशवीत संत्र्याची साल आणि लोणच्याची फोड बांधून देते, आणि ती देताना जे बोलते ते मी इथे लिहीत नाही.

मी त्यांची मुलगी गजाला. अकोल्याला शाळेत मराठी शिकवते. गेली दोन वर्षं मी अब्बांशी एकाच गोष्टीवरून भांडते आहे, की दुकान बंद करा आणि माझ्याकडे येऊन राहा. साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब केलाय. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा. अब्बांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणाले, "पोरगा हुशार हाये, पण भित्रा हाये." त्यानंतर त्यांनी डोळ्यांचा विषय तोंडातून काढला नाही. चहाचा कप घ्यायला गेलेला हात बाजूला पडला, तर घरात ओरडायचे, "कप कोणं सरकवला?" अम्मी नाहीतर मी तो उचलून त्यांच्या हाताशी ठेवायचो.

एप्रिलात त्यांचा फोन आला. प्रीतम नावाच्या एका ड्रायव्हरची जीप मेळघाटात नाल्यातल्या दगडावर आदळली होती. गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच, ज्याला सगळे केस म्हणतात, ते अ‍ॅल्युमिनियमचं. त्याला चीर गेली आणि तेल गळून गेलं. हीच जीप नर्सबाईंना आणि औषधांना घेऊन वरच्या गावांत जायची. नवी केस यायला वेळ लागणार होता आणि पाऊस आला की ते रस्ते बंद. "तुह्या अकोल्याच्या भंगारात एखांदी जुनी भेटते काय, पाह्य," अब्बा म्हणाले. मी सुट्टीचा सबंध दिवस भंगारवाल्यांच्या दुकानांतून हिंडले. चष्मा लावलेली, खांद्याला पर्स अडकवलेली मास्तरीण गिअरबॉक्स मागते म्हणून लोक हसत होते. हसू देत. केस मिळाली असती तर अब्बांना जोडायचं कारण उरलं नसतं, म्हणून मी हिंडत होते. मिळाली ती दुसऱ्याच गाडीची निघाली.

मग मी थेट अमरावती गाठली. प्रीतम केस घेऊन आलेलाच होता. जयभीम नगरचा, तिशीतला, मितभाषी पोरगा. घरी आमचं उर्दू-वऱ्हाडी दोन्ही चालतं, पण दुकानात अब्बा माझ्याशीही वऱ्हाडीतच बोलतात. गिऱ्हाइकासमोर दुसरी भाषा काढली की त्याला वाटतं आपल्यालाच फसवून राहिले, असा त्यांचा हिशेब. मला पाहून म्हणाले, "तू काहून आली?"

"बघायला आले."

"पाह्य मंग. बोलू नोको."

अ‍ॅल्युमिनियमचं काम लोखंडासारखं नसतं. हा धातू तेल पितो, म्हणून आधी धुऊन, तापवून आतलं तेल बाहेर काढायचं. मग चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग जोड. शिवाय हा तापून लाल होत नाही. दिसायला तसाच दिसतो आणि एकदम खाली बसतो. म्हणून अब्बा त्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढतात. साबण काळपट झाला की समजायचं, आता जोडायला घ्यावं.

"साबण काळा झाला काय व?" त्यांनी मला विचारलं.

हे ते पूर्वी कधी कोणाला विचारत नसत. मी म्हटलं, "झाला." त्यांनी मुखवटा खाली ओढला.

जोड मात्र देखणा आला. प्रीतमनं मान वाकवून पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. केस राखेच्या टोपल्यात पुरून हळूहळू थंड होऊ दिली. शेवटची परीक्षा राहिली होती. खडूची पूड पाण्यात कालवून बाहेरून पोतारा द्यायचा, वाळला की आतून रॉकेल फिरवायचं. कुठे फट राहिली असेल तर पांढऱ्यावर ओल उमटते. रॉकेल आता कुठे मिळतं? अब्बांनी एका बाटलीत जपून ठेवलं होतं.

थोडा वेळ गेला. अब्बांनी केस उजेडाकडे धरली, फिरवली, डोळे बारीक केले. "सुकी हाये," ते म्हणाले. "घेऊन जाय, प्रीतम. चढव अन् सांगजो. मी येतो पयल्या फेरीले."

आणि मला ती दिसली. जोडाच्या पलीकडे, त्यांनी पाडलेल्या भोकाच्याही पुढे, धाग्याएवढी करडी रेघ. चीर भोकाशी संपतच नव्हती. बोटभर पुढे गेली होती, बेअरिंगच्या बाजूला. अब्बांना तिचं टोक दिसलंच नव्हतं, म्हणून त्यांनी भोक अलीकडे पाडलं होतं.

खरं सांगते, मी लगेच बोलले नाही. गिऱ्हाइकासमोर त्यांना "तुम्हाला दिसलं नाही" म्हणणं म्हणजे माझ्याच हातानं त्यांचं दुकान बंद करणं होतं. मला दुकान बंदच व्हायला हवं होतं, पण असं नाही. तेवढ्यात प्रीतमनं केस उचलून पोत्यात गुंडाळायला घेतली. घाटाच्या उतारावर केस फुटली, गिअर सुटला, तर सगळा भार ब्रेकवर. आत प्रीतम, आणि शेजारी संत्र्याची साल हुंगत बसलेले माझे अब्बा.

"अब्बा, थांबा. ओली आहे."

"कुठी?"

"भोकाच्या पुढे."

त्यांनी केस डोळ्यांजवळ आणली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "काईच नाही तिथं," ते चढ्या आवाजात म्हणाले. "तुले म्हटलं होतं नं, बोलू नोको!"

मीही चिडले. हे घराणंच चिडकं आहे. मी त्यांचा हात धरला, त्यांचं बोट त्या रेघेवर टेकवलं आणि सोडून दिलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. रॉकेलचा वास आला असणार. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून राहिले. प्रीतम बाहेर जाऊन उभा राहिला. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

"टोक कुठी हाये, दाखव," शेवटी अब्बा म्हणाले.

पर्समध्ये पेपर तपासायचं लाल पेन होतं. मी चष्मा पुसला, टॉर्च धरली आणि चिरेच्या अगदी शेवटाला खूण केली. मग वाटलं, हाच शेवट का? आणखी पुढे असेल तर? परत पाहिलं. परत पुसलं. घामानं पेन हातात राहीना. अब्बा फोन का लावत बसतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी माझ्या खुणेवर भोक पाडलं, घासलं, पुन्हा तापवलं, पुन्हा जोडलं. पुन्हा पोतारा, पुन्हा रॉकेल. या वेळी त्यांनी केस उजेडाकडे धरलीच नाही, सरळ माझ्या हातात दिली.

"सुकी आहे," मी म्हटलं.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स चढला आणि सोमवारी जीप निघाली. "नर्सबाई नोको पयल्या फेरीले," अब्बांनी प्रीतमला बजावलं होतं. मी मागे चढले तेव्हा ते म्हणाले, "तू उतर." मी म्हटलं, "खूण माझी आहे." त्यांनी पुढचं दार ओढून घेतलं.

परतवाडा सोडला आणि घाट लागला. प्रत्येक वळणावर गिअर बदलला की माझे दात आवळले जायचे. खालून जरा खरखर आली की मी अब्बांच्या मानेकडे बघायचे, तीही ताठ. लोणच्याची फोड हातातच राहिली होती, या वेळी त्यांना ओकारीसुद्धा आली नाही. वर सपाटी लागल्यावर प्रीतमनं जीप थांबवली. मी रस्त्यावर आडवी होऊन टॉर्च घेऊन खाली शिरले. केस गरम होती, धुळीनं माखली होती आणि कोरडी होती. मी तिच्यावरून रुमाल फिरवला. रुमालावर नुसती धूळ आली.

बाहेर निघाले तेव्हा प्रीतम अब्बांना पाण्याची बाटली देत होता. "चाचा, काम एक नंबर झालं. आता पुढचा एक्सल बी तुमच्याकडंच आणतो."

अब्बांनी पाणी पिऊन बाटली परत केली. "नोको आणू, बाप्पा," ते म्हणाले. "मले दिसून नाई राहिलं. चीर बी मले दिसली नव्हती. पोरीनं पाह्यली."

डॉक्टरांना नाही, अम्मीला नाही, मला तर नाहीच. ते बोलले एका गिऱ्हाइकाला. प्रीतमनं वाकून अब्बांच्या पायांना हात लावला आणि तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

दोन वर्षं मी याच वाक्यासाठी भांडले होते. ते ऐकलं की सुटल्यासारखं वाटेल, असं मला वाटायचं. मी जीपच्या मागे गेले, तोंडात ओढणी कोंबली आणि ढसाढसा रडले. मला ते वाक्य परत घ्यायला लावायचं होतं.

"गज्जू," पुढून अब्बांची हाक आली, "बस लवकर. उतार अजून राह्यलाच हाये."